मुका मार

३१ जानेवारी २०२५ ची रात्र. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर भारत-इंग्लंड चौथा टी-ट्वेंटी सामना. मुंबईकर शिवम दुबेने ५३ धावा काढल्यात. डावाच्या शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा एक चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळतो. तपासणी होते, दुबे पुन्हा खेळायला उभा राहतो. इंग्लंडची फलंदाजी सुरू झाल्यावर मात्र त्याच्या जागी 'कन्कशन सब्स्टिट्यूट' म्हणून हर्षित राणा येतो. राणाचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना. तो तीन बळी घेतो, भारत १५ धावांनी जिंकतो, आणि सामना संपल्यावर जोस बटलर सांगतो की ही बदली आम्हाला पटलेली नाही.

बटलरचं म्हणणं मला समजतं. फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूच्या जागी पूर्णवेळ वेगवान गोलंदाज आला तर कुणीही कुरकुर करेल. तो वाद क्रिकेटवाल्यांनी मिटवावा. माझ्या डोक्यात राहिलं ते त्या रात्री मीम्समध्ये फिरणारं वाक्य: 'चांगला चालत तर गेला की, झालं काय होतं त्याला?'

हे वाक्य निदान दीडशे वर्षं जुनं आहे. ते रेल्वे कंपन्यांच्या वकिलांनी म्हटलंय, सैन्याच्या अधिकाऱ्यांनी म्हटलंय, मोठमोठ्या मेंदूतज्ज्ञांनी म्हटलंय. या दुखापतीचा सगळा इतिहास म्हणजे या वाक्याला उत्तर शोधायची धडपड.

आपल्याकडे तिला चांगला शब्द आहे. रक्त नाही, हाड मोडलेलं नाही, वरून काही दिसत नाही, पण लागलंय, त्याला आपण 'मुका मार' म्हणतो. वैद्यकात डोक्याच्या मुक्या माराला 'कन्कशन' किंवा 'माइल्ड ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी' म्हणतात. यातल्या 'माइल्ड'बद्दल पुढे बोलू.

फार मागे जायची गरज नाही. कवटी न फुटता, मेंदूला जखम न होता माणूस काही काळ भानावर नसतो आणि मग परत येतो, ही वेगळी अवस्था आहे, हे सांगण्याचं श्रेय साधारण हजार वर्षांपूर्वीच्या पर्शियातल्या अल-राझीला देतात. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रोआझ पारेने 'मेंदूचं हादरणं' अशा अर्थाचा लॅटिन शब्द रूढ केला. पुढची तीनशे वर्षं डॉक्टर एवढंच म्हणत राहिले की मेंदू हादरतो. हादरून त्याचं नेमकं काय होतं, हे कुणाला सांगता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याचं कुणाला फार पडलेलंही नव्हतं, कारण तोवर त्यात पैशाचा प्रश्न नव्हता.

पैसा आला तो रेल्वेबरोबर. इंग्लंडमध्ये १८६० च्या दशकात अपघात वाढले आणि प्रवासी कोर्टात जाऊन भरपाई मागू लागले. त्यांतले काही लोक विचित्र होते. अपघातात खरचटलंही नव्हतं, दुसऱ्यांना मदत करून चालत घरी गेले होते, आणि काही दिवसांनी झोप उडाली, डोकं दुखायला लागलं, हिशेब जमेना, चिडचिड वाढली. चार्ल्स डिकन्सचंच बघा. ९ जून १८६५ ला स्टेपलहर्स्टला त्याची गाडी पुलावरून घसरली. त्याचा डबा लटकत राहिला, तो बाहेर पडला, जखमींना पाणी आणि ब्रँडी देत फिरला. दिसायला धडधाकट. पण त्यानंतर रेल्वेचा प्रवास त्याला आयुष्यभर छळत राहिला. बरोबर पाच वर्षांनी, ९ जूनलाच तो गेला. हा योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण डिकन्सवर लिहिणाऱ्या कुणालाही तो सोडवत नाही. मलाही नाही सोडवला.

१८६६ मध्ये लंडनचे सर्जन जॉन एरिक एरिक्सन यांनी अशा रुग्णांवर व्याख्यानांचं पुस्तक काढलं. त्यांचा रोख मेंदूपेक्षा मज्जारज्जूवर होता, त्यामुळे या आजाराला लोक 'रेल्वे स्पाइन' म्हणू लागले. त्यांनी दिलेली उपमा मला अजून आवडते. नालाच्या आकाराच्या लोहचुंबकावर हातोड्याचा जोरदार घाव घातला तर चुंबकत्व जातं. लोखंडात काही बदललेलं दिसत नाही, वजन तेवढंच, आकार तोच, फक्त त्याचं काम थांबलेलं. चालू हार्ड डिस्क हातातून पडलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

उत्तर यायला वेळ लागला नाही. हर्बर्ट पेज हे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे सर्जन. त्यांनी १८८३ च्या पुस्तकात मांडलं की यांतल्या बहुतेकांच्या शरीराला काही झालेलं नाही, ही भीतीने झालेली अवस्था आहे. पेज कंपनीच्या पगारावर होते, हे लक्षात ठेवायलाच हवं. पण ते पूर्ण चुकीचे होते असंही म्हणता येत नाही, कारण भीतीही शरीरावर उमटते. तेव्हापासून हा वाद दोन बाकांवर बसलेला आहे. एका बाकावर 'आत काहीतरी तुटलंय' म्हणणारे, दुसऱ्यावर 'मनाचं आहे' म्हणणारे. आणि मध्ये एक माणूस, ज्याचं डोकं दुखतंय.

पहिल्या महायुद्धात या मधल्या माणसांची संख्या हजारांत गेली. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञाने 'लॅन्सेट'मध्ये तीन सैनिकांची हकीकत छापली. जवळ तोफगोळे फुटले होते. जखम नव्हती, पण दिसणं कमी झालेलं, वास आणि चव गेलेली, आठवणी पुसलेल्या. मायर्सने सैनिकांमध्ये प्रचलित असलेला शब्द वापरला: 'शेल शॉक'. दुसरीकडे फ्रेडरिक मॉट हे डॉक्टर मेलेल्या सैनिकांचे मेंदू तपासत होते आणि त्यांना काही मेंदूंत टाचणीच्या टोकाएवढे रक्तस्राव दिसत होते. मॉट म्हणाले, यांतल्या काहींना तरी खरोखर मेंदूचा मार आहे.

मग सैन्याने जे केलं ते एखाद्या मोठ्या कंपनीच्या एचआर विभागाला शोभेल असं होतं. शेल शॉकचे दोन प्रकार पाडले. कागदावर 'डब्ल्यू' लिहिलं तर 'वुंडेड', म्हणजे शत्रूमुळे झालेली जखम. त्याला गणवेशावर जखमीची पट्टी लावता येई, निवृत्तिवेतनावर हक्क सांगता येई. 'एस' लिहिलं तर 'सिक', नुसता आजारी. त्याला यांतलं काही नाही. दोघांची लक्षणं सारखीच. फरक कुठला? स्फोट झाला तेव्हा तो किती जवळ होता. हे डॉक्टरला कसं कळणार? म्हणून १९१७ मध्ये नवा नियम आला. अशा सैनिकाला आधी कुठलंच निदान द्यायचं नाही. त्याच्या कागदावर 'अद्याप निदान न झालेला, मज्जासंस्थेचा' अशा अर्थाची चार आद्याक्षरं लिहायची, एक फॉर्म त्याच्या पलटणीच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा, आणि अधिकाऱ्याने कळवायचं की हा खरंच स्फोटाजवळ होता का.

म्हणजे मेंदूला मार लागला की नाही, हे मेंदूकडे न बघता ठरायचं. अधिकारी जिवंत असला, त्याला आठवत असलं, त्याला फॉर्म भरायला वेळ असला, तर तुम्ही जखमी. ब्रिटिश सैन्यात शेल शॉकचे सुमारे ८० हजार रुग्ण नोंदले गेले. युद्धानंतर लॉर्ड साउथबरो यांच्या समितीने १९२२ च्या अहवालात हा शब्दच वापरातून काढायची शिफारस केली. मायर्सला आपल्या हातून हा शब्द रूढ झाल्याचं पुढे वाईट वाटत राहिलं. शब्द गेला, डोकेदुखी राहिली.

कोंडी फुटली ती पुढच्या युद्धात, ऑक्सफर्डमध्ये. आणि मला इंजिनिअर म्हणून विशेष आनंद याचा की त्यात एक भौतिकशास्त्रज्ञ होता.

आधी डेरेक डेनी-ब्राउन आणि रिची रसेल यांनी १९४१ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की डोकं घट्ट धरून ठेवलं आणि फटका मारला तर कन्कशन होणं कठीण जातं. तोच फटका मोकळ्या, हलू शकणाऱ्या डोक्याला मारला तर सहज होतं. म्हणजे मार फटक्यात नाही, डोक्याच्या वेगात अचानक झालेल्या बदलात आहे. हे 'का', ते ए. एच. एस. होलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये सांगितलं. त्याने जिलेटिनचे नमुने घेऊन दाखवलं की मेंदूसारखा पदार्थ दाबला तर जवळजवळ दबत नाही, पण पिळला तर लगेच आकार बदलतो. खरवसाचा डबा डोळ्यांपुढे आणा. डबा सरळ टेबलावर आपटलात तर वडी बहुतेक टिकते. डबा झटकन गोल फिरवून थांबवलात तर डबा थांबतो, आतला खरवस फिरत राहतो, आणि आतून चिरा पडतात. डब्यावर पोचा येईलच असं नाही. मेंदूत या चिरा पडायच्या त्या मज्जातंतूंच्या लांब धाग्यांना, आणि त्यातला एकेक धागा साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा जाड.

त्याच काळात ऑक्सफर्डमध्ये ह्यू केर्न्स नावाचे न्यूरोसर्जन होते. मे १९३५ मध्ये मोटरसायकलवरून पडलेल्या टी. ई. लॉरेन्सवर, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'वर, उपचार करणाऱ्यांत ते होते. लॉरेन्स सहा दिवसांनी गेला. डोक्यावर काही नव्हतं. केर्न्सनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्यांचा अभ्यास सुरू केला, १९४१ मध्ये हेल्मेटवर निबंध लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटरसायकलवाल्या निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांसाठी सक्ती यायला १९७३ उजाडलं. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध जे मोर्चे निघाले त्यांच्याबद्दल काही बोलत नाही; मला याच शहरात राहायचंय. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ती दोन्ही बाजूंचे लोक चुकीची सांगतात. हेल्मेट कवटी वाचवतं, जीव वाचवतं. आतल्या पिळाला मात्र ते तेवढं थांबवू शकत नाही. हेल्मेट घातलं होतं म्हणून डोक्याला काही झालंच नसेल, असं होत नाही.

होलबोर्नने गणित मांडलं, पण डॉक्टरांना गणित नको, पुरावा हवा असतो. तो मिळेपर्यंत 'मनाचं आहे'वाला बाक भरलेलाच राहिला. १९६१ मध्ये न्यूकॅसलचे हेन्री मिलर यांनी 'ॲक्सिडेंट न्यूरोसिस' या नावाने व्याख्यानं दिली. भरपाईचे दावे लावलेले डोक्याच्या दुखापतीचे २०० रुग्ण त्यांनी पाहिले होते. त्यांचं निरीक्षण असं की मार जितका कमी, तक्रारी तितक्या जास्त. आणि दावा निकाली निघाला, पैसे मिळाले, की जवळजवळ सगळे बरे. मिलर लिहायला बोलायला फर्डे होते. विमा कंपन्यांच्या वकिलांना हे केवढं आवडलं असेल, सांगायला नको. नंतरच्या अभ्यासांत पैसे मिळाल्यावर सगळे बरे होतात हे काही टिकलं नाही. ज्यांनी दावाच लावला नव्हता अशांचंही डोकं दुखत होतंच. पण निबंध मागे पडला तरी तो टोन राहिला.

पुढच्याच वर्षी सर चार्ल्स सिमंड्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये शांतपणे एक प्रश्न विचारला: कन्कशन कितीही सौम्य असलं तरी त्याचे परिणाम पूर्णपणे पुसले जातात, हे आपण कशावरून म्हणतो? पुरावा हळूहळू येत गेला. १९६८ मध्ये ऑक्सफर्डच्या ओपनहायमर यांनी डोक्याला मार लागलेल्या आणि नंतर मरण पावलेल्या लोकांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात काहींना तर फक्त कन्कशन होतं आणि मृत्यू दुसऱ्याच कारणाने आला होता. धागे तुटल्याच्या खुणा त्यांतही होत्या. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्लमबर्ग्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक बारीक रंगद्रव्य पद्धत वापरून अशाच पाच जणांचे मेंदू तपासले. पाचही मेंदूंत तुटलेले धागे सापडले, आणि ते स्मरणाशी संबंध असलेल्या 'फॉर्निक्स' या भागातही होते.

अडचण एवढीच की ही तपासणी करून घ्यायला आधी मरावं लागतं.

इथे माझं थोडं सांगतो, कारण पुढचा भाग मला त्याशिवाय नीट सांगता येणार नाही. मागच्या पावसाळ्यात माझी बाइक ओल्या रस्त्यावर घसरली. हेल्मेट होतं. बेशुद्ध झालो नाही, पण पडण्याआधीची काही मिनिटं आणि नंतरचा अर्धा तास आजही आठवत नाही. सीटी स्कॅन नॉर्मल. पाचव्या दिवशी ऑफिसात. मला सगळं येत होतं. भाषा विसरलो नव्हतो, पासवर्ड विसरलो नव्हतो, कुणी एक प्रश्न विचारला तर बरोबर उत्तर देत होतो. पण सकाळच्या कॉलवर दोन माणसं एकाच वेळी बोलायला लागली की दोघांचंही हातातून निसटायचं. फंक्शन वाचताना तिसऱ्या ओळीला पोचेपर्यंत पहिली ओळ गेलेली असायची. दुपारी तीननंतर ट्यूबलाइट सहन व्हायची नाही. आणखी रजा मागितली तेव्हा समोरून प्रश्न आला, 'रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना?' प्रश्न दुष्टपणे विचारलेला नव्हता. त्यामुळे तर उत्तर देणं आणखी अवघड होतं. पूर्वीसारखं काम जमायला मला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत मलाच अधूनमधून वाटायचं की आपण नाटक करतोय का.

म्हणून डोरोथी ग्रॉनवॉल हे नाव माझ्यासाठी महत्त्वाचं आहे. १९७० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला त्या मानसशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी आणि फिलिप राइटसन या न्यूरोसर्जननी कन्कशनच्या रुग्णांना एक चाचणी द्यायला सुरुवात केली. टेपवर ठरावीक गतीने एकेक आकडा ऐकू येतो. प्रत्येक नवा आकडा आधी ऐकलेल्या आकड्यात मिळवून बेरीज मोठ्याने सांगायची. दोन ऐकलं, मग सात: नऊ म्हणायचं. मग चार: अकरा म्हणायचं, तेरा नाही, कारण मिळवायचं सातमध्ये, आपल्याच उत्तरात नाही. मग टेपचा वेग वाढत जातो. मित्राला आकडे वाचायला सांगून करून बघा, चांगल्या डोक्यालाही घाम फुटतो.

साध्या बुद्धिमापन चाचणीत कन्कशनवाले लोक ठीक होते. या चाचणीत ते मागे पडले. आणि लक्षणं गेली तसतसे त्यांचे गुणही सुधारत गेले. ग्रॉनवॉल आणि राइटसन यांनी १९७४ मध्ये हे मांडलं, आणि १९७५ मध्ये त्याहून गंभीर गोष्ट मांडली: दुसऱ्यांदा कन्कशन झालेल्यांना सुधारायला पहिल्यांदा झालेल्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. आमच्या भाषेत, डेटा गेलेला नाही, थ्रूपुट पडलंय. एकेक रिक्वेस्ट पाठवली तर सर्व्हर व्यवस्थित उत्तर देतो. एकदम शंभर पाठवल्या की टाइमआउट. डॉक्टर एक प्रश्न विचारतो, थांबतो, उत्तर ऐकतो, आणि लिहितो 'नॉर्मल'. ऑफिस शंभर पाठवतं.

हे का होतं, याचं बरंच स्पष्ट चित्र २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गिझा आणि होव्हडा यांनी मांडलं. पेशींच्या भिंती ताणल्या जातात, आतलं पोटॅशियम बाहेर जातं, बाहेरचं कॅल्शियम आत येतं. सगळं जागच्या जागी आणायला पेशी पंप चालवतात आणि त्याला भरपूर ऊर्जा लागते. नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. लोड वाढलाय आणि वीज कमी दाबाने येतेय. यातलं काहीही सीटीत दिसत नाही.

सीटीवर राग धरू नये. गॉडफ्री हाउन्सफील्ड या ईएमआय कंपनीतल्या इंजिनिअरने ते यंत्र बनवलं (हो, बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी तीच ईएमआय). १ ऑक्टोबर १९७१ ला विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू त्यातून पाहिला गेला, आणि १९७९ मध्ये त्याला ॲलन कॉर्मॅकबरोबर नोबेल मिळालं. सीटी शोधतो ते कवटीचं फ्रॅक्चर आणि साचलेलं रक्त, म्हणजे आज रात्री जीव घेऊ शकेल ते. त्याचा एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. तुटलेला धागा त्याच्या शेकडोपट बारीक. 'सीटी नॉर्मल' याचा अर्थ 'ऑपरेशन लागणार नाही'. तो अर्थ 'उद्यापासून कामावर या' असा कधी झाला, याची तारीख कुठे सापडत नाही.

'माइल्ड' हा शब्दही असाच घसरत आलाय. १९७४ मध्ये ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी बेशुद्धी मोजायची पट्टी दिली: डोळे उघडतो का, बोलतो कसा, हातपाय हलवतो कसे. आज तिचे एकूण गुण १५. ही पट्टी कोमातल्या माणसासाठी होती. नंतर तिच्यावरून वर्ग पाडले आणि १३ ते १५ म्हणजे 'सौम्य' ठरलं. सौम्य कशाच्या तुलनेत? मरण्याच्या. १९८१ मध्ये व्हर्जिनियात रिमेल आणि सहकाऱ्यांनी अशा 'सौम्य' ४२४ जणांना तीन महिन्यांनी गाठलं. ७९ टक्क्यांचं डोकं दुखत होतं, ५९ टक्के स्मरणाबद्दल तक्रार करत होते, आणि आधी नोकरी असलेल्यांपैकी ३४ टक्के कामावर नव्हते. नंतरच्या, जास्त काटेकोर अभ्यासांत चित्र एवढं वाईट नाही; बहुतेक लोक काही आठवड्यांत बरे होतात. पण सगळे नाही.

मैदानावरचं निदान वेगळंच. तिथे सीटी नाही, वेळ नाही. पूर्वी विचारायचे, तुझं नाव काय, जन्मतारीख काय. १९९५ मध्ये डेव्हिड मॅडॉक्स आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या खेळाडूंवर तपासून दाखवलं की हे प्रश्न निकामी आहेत. मार लागलेल्यालाही नाव सांगता येतं, ते फार खोल कोरलेलं असतं. विचारायला हवं ते ताजं: आपण कुठल्या मैदानावर आहोत? शेवटचा गोल कुणी केला? मागच्या आठवड्यात कुणाविरुद्ध खेळलो? जिंकलो का? हे प्रश्न आजही खेळांतल्या अधिकृत तपासणीत आहेत. तरीही ते पुरत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. स्मिथने चाचण्या पार केल्या, त्याच डावात परत येऊन खेळला, ९२ वर बाद झाला. लक्षणं नंतर दिसली, आणि मार्नस लाबुशेन कसोटी इतिहासातला पहिला कन्कशन बदली खेळाडू झाला. 'चालत गेला की' याला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आता उपचार. आमच्या आजीचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: 'उलटी झाली का?' २००१ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी सीटी कुणाला लागतो याचे जे नियम केले त्यात दोन किंवा जास्त उलट्या हा एक निकष आहे. तेव्हा आजी पास. तिचा दुसरा हुकूम 'झोपू देऊ नका' हा मात्र अर्धाच बरोबर. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर माणूस काही काळ ठीक वाटतो आणि मग गुंगीत जातो, ही भीती त्यामागे आहे. डॉक्टरने तपासून धोका नाही म्हटल्यावर झोप हीच गरज असते. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, फिट येणं, हातापायातली शक्ती जाणं, उठवूनही नीट जाग न येणं, यांतलं काही दिसलं तर मात्र थेट रुग्णालय.

आणि विश्रांती? इथे इतिहास जरा लाजिरवाणा आहे. अनेक दशकं सांगत आले की अंधाऱ्या खोलीत पडून राहा. १९७२ मध्येच फिनलंडच्या डॉक्टरांनी १७८ रुग्णांचे दोन गट केले. एकाला नेहमीसारखं झोपवून ठेवलं. दुसऱ्याला लवकर उठवलं, व्यायाम दिला, रोज धीर दिला, काय होतंय ते समजावलं. दुसरा गट सरासरी १८ दिवसांत कामावर गेला, पहिला ३२ दिवसांत. निबंध छापला गेला आणि चाळीसेक वर्षं फडताळात पडून राहिला. मग २०१५ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला पुन्हा दिसलं की पाच दिवस कडक विश्रांती सांगितलेल्या मुलांना एकदोन दिवसवाल्यांपेक्षा जास्त लक्षणं राहतात. २०१९ मध्ये बफेलोचे जॉन लेडी यांनी किशोरवयीन खेळाडूंना पहिल्या आठवड्यातच, लक्षणं फार वाढणार नाहीत एवढा, हलका व्यायाम दिला. मध्यक १३ दिवस. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा १७. आजचा सल्ला साधारण असा: पहिले एकदोन दिवस बेताने, मग चालायला लागा, त्रास वाढला तर एक पायरी मागे या, आणि पूर्ण बरं होईपर्यंत पुन्हा डोक्याला मार लागेल असं काही करू नका. ते पहिले दोन दिवस फोनही बाजूला ठेवायचा. २०२१ च्या एका अभ्यासात १२ ते २५ वयाच्या ज्या रुग्णांनी पहिले ४८ तास स्क्रीन टाळला, ते मध्यकाने साडेतीन दिवसांत बरे झाले. ज्यांना स्क्रीनची मुभा होती त्यांना आठ दिवस लागले.

२०२५ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सौम्य-मध्यम-तीव्र ही विभागणीच बदलायचा प्रस्ताव मांडला. लक्षणं, रक्तातली प्रथिनं, स्कॅन, आणि त्या माणसाची परिस्थिती, असं चारही बाजूंनी पाहा, असं ते म्हणतात. आपल्या कॅज्युअल्टीपर्यंत ते यायला वेळ लागेल.

तोवर आपल्याकडे मोजायचं काम कायदा करतो. अपघाताची किंवा मारामारीची केस झाली की डॉक्टरला लिहावं लागतं: दुखापत साधी की गंभीर. १८६० च्या भारतीय दंड संहितेत गंभीरची यादी होती. हाड मोडणं किंवा दात मोडणं आपोआप गंभीर. यादीत नसलेलं काही असेल, तर जिवाला धोका तरी हवा, नाहीतर वीस दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीची कामं करता न येणं तरी दाखवायला हवं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, यादी तशीच राहिली आणि विसाचे पंधरा दिवस झाले. या हिशेबाने कुणाच्या मारहाणीत डोकं हललं, तर बफेलोच्या व्यायामवाल्या गटातला मधला मुलगा तेराव्या दिवशी साध्या दुखापतीत बसेल आणि स्ट्रेचिंगवाल्या गटातला सतराव्या दिवशी गंभीर दुखापतीत. तेही त्यांनी ते दिवस सिद्ध केले तर. दाताला सिद्ध करावं लागत नाही.